कुरणवाडीच्या भिंती

सहादू साळवेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गावातली कोंबडी त्याच्यानंतर जागी व्हायची.

पावसाळ्याचे चार-साडेचार महिने तो मलेरिया खात्याच्या फवारणीच्या टोळीत असायचा. टोळीचा मुक्काम ज्या गावी, त्या गावच्या शाळेची ओसरी हेच घर. चारला उठून तो पाणी आणायचा आणि फडक्यातून गाळून घ्यायचा, कारण पाण्यात काडीकचरा राहिला की नळीचं तोंड तुंबतं. मग डीडीटीची पावडर भिजवायची. कामाची निम्मी मेख इथेच होती. घाईचा माणूस बादलीभर पाण्यात पावडर ओततो आणि काठी फिरवतो. तिच्या गुठळ्या होतात, गुठळ्या तळाला बसतात, आणि भिंतीवर जातं नुसतं पांढुरकं पाणी. सहादू पावडरीत आधी थोडंच पाणी घालायचा, पिठल्यासाठी पीठ कालवतात तसं काठीने घोटायचा, एकही गुठळी दिसेनाशी झाली की मग बाकीचं पाणी. याला अर्धा तास जास्त लागायचा. म्हणून चार. सातला लोक शेतावर जातात. त्यांच्याकडून त्याआधी भांडीकुंडी, धान्य, गोधड्या घराबाहेर काढून घ्यायच्या असतात.

पंपाला दोन माणसं लागत. एकजण दाराबाहेर बादलीपाशी उभा राहून दांडा मारायचा आणि दुसरा लांब रबरी नळी घेऊन आत भिंतीवर फवारा सोडायचा. दांडा मारायला मोतीराम होता, नाशिकजवळच्या एका खेड्यातला, कुणब्याचा. त्याच्या दंडात ताकद होती आणि तोंडाला विसावा नव्हता. आत नळी धरायला सहादू.

नळी धरणं सोपं दिसतं. भिंतीपासून दीड फूट अंतर ठेवायचं, कमी नाही, जास्त नाही. वरून खाली यायचं, एक पाऊल बाजूला सरकायचं, खालून वर जायचं. आधीच्या पट्ट्यावर नवा पट्टा तीन बोटं चढला पाहिजे. ओघळ येता कामा नये. वाळल्यावर सगळ्या भिंतीवर सारखी भुरी दिसली पाहिजे, भाकरीवर पीठ राहतं तशी. डास माणसाला चावला की जड होऊन जवळच्या भिंतीवर बसतो. तिथे भुरी असेल तर मरतो. पट्ट्यांमध्ये चार बोटं जागा कोरडी राहिली आणि तो नेमका तिथे बसला, तर सगळी मेहनत फुकट. घर झालं तरी सहादू पुन्हा आत जाऊन कोपरे पाहून यायचा.

"अरे, भिंत आहे ती," मोतीराम बाहेरून म्हणायचा. "नवरीचं तोंड नाही."

"तू दांडा मार."

या कामाआधी सहादू पंचवटीत भाजी बाजारात पोती वाहायचा. तिथे केलेलं काम संध्याकाळी दिसायचं. पोतं इथून उचललं, तिथे ठेवलं. फवारणीचं तसं नव्हतं. ज्याला ताप यायचा होता आणि आला नाही, तो माणूस कधी सांगायला येत नाही. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. त्यामुळे काम बरं झालं की वाईट, हे सांगणारी एक भिंतच. सहादूचा तिच्यावर विश्वास होता.

कुरणवाडी घोटीपासून पायी दोन तासांवर. तीस घरं, भोवती भाताची खाचरं, मागे डोंगर. भिंती कुडाच्या, वरून माती-शेणाने लिंपलेल्या. १९७७ च्या ऑगस्टात टोळी तिथे पोचली तेव्हा हिवतापाने दोन-तीन वर्षांत पुन्हा डोकं वर काढलं होतं, आणि कुरणवाडीचं नाव तालुक्याच्या यादीत बरंच वर होतं.

वाडीत पहिलं घर झुंबरबाईचं. साठीची विधवा, मुलगा घोटीला भाताच्या गिरणीत, घरात ती आणि सून मैना. वाडीतल्या बायका कुठलीही गोष्ट झुंबरबाईला विचारून करायच्या. पेरणीच्या दिवसापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत.

सहादू नळी घेऊन ओट्याशी आला तशी झुंबरबाई दारात उभी राहिली.

"कुठलं म्हनायचं?"

"नाशिकचा, मावशी."

"आडनाव?"

"साळवे."

 बाहेर पंपाशी उभ्या मोतीरामकडे तिने पाहिलं, मग पुन्हा सहादूकडे.

"आत चूल हाय," ती म्हणाली.

"चुलीच्या खोलीत पण मारावी लागते. तिथे जास्त अंधार, तिथेच डास जास्त."

"सरकारचं हाय म्हनून," असं म्हणून ती बाजूला झाली. सहादू आत असेपर्यंत ती दाराच्या चौकटीला धरून बघत उभी होती. मैना सहा महिन्यांची गरोदर होती. विहिरीचं पाणी तिनेच ओढून दिलं. घर पुरं झालं, सहादूने दाराशेजारी गेरूने तारीख लिहिली आणि टोळी पुढच्या घराकडे गेली. तीन दिवसांत तीस घरं झाली. एकाही घराचा कोपरा सुटला नाही.

महिनाभराने टोळीला घोटीला बोलावणं आलं. इन्स्पेक्टर साहेब रजिस्टर उघडून बसले होते. दर पंधरवड्याला एक माणूस वाड्यावस्त्यांवर जाऊन तापकऱ्यांच्या बोटातून रक्त घ्यायचा, ते तपासून येई. त्याचे आकडे साहेबांपुढे होते.

"कुरणवाडी," साहेब म्हणाले. "तीस घरं. चौदा जणांच्या रक्तात हिवताप. फवारणी होऊन महिना झाला."

"फवारणी झाली आहे, साहेब," सहादू म्हणाला.

"कागदावर झाली आहे, ते दिसतंय मला."

"भिंतीवर पण झाली आहे."

"मग डास भिंतीवर बसायचे सोडून गेले का?" साहेबांनी रजिस्टर मिटलं. "पावडरीला बाजारात गिऱ्हाईक असतं म्हणतात. लोक भातावर मारतात, भाजीवर मारतात. मी काही म्हणत नाही. ऐकलं ते सांगतो."

मोतीरामचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, पण सहादूने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"येत्या सोमवारी कुरणवाडी पुन्हा करायची," साहेब म्हणाले. "ती झाली की महिन्याने रक्त पुन्हा तपासतील. ताप हटला नाही तर पुढच्या वर्षीच्या यादीत तुम्हा दोघांची नावं नसतील. का नाहीत, तेही मी वर लिहून कळवीन."

बाहेर आल्यावर मोतीराम बराच वेळ बोलत होता. सहादूने ऐकलं न ऐकलं केलं. यादीतून नाव गेलं तर पुन्हा पोती. पाठ अजून पोती वाहू शकत होती, तो भाग वेगळा. पण चोर म्हणून जायचं, आणि तेही आपल्या हाताने कोपरान्‌कोपरा मारलेल्या भिंतींपायी, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. शिवाय त्याला खरंच कळत नव्हतं. पावडर त्याने स्वतः घोटली होती. मग ताप का?

रविवारी सुट्टी. टोळीतले बाकीचे घोटीतच राहिले. सहादू एकटा कुरणवाडीला निघाला. पाऊस उघडला होता, पायवाटेला चिखल होता, वाडी यायला दोन तासांचे अडीच झाले.

झुंबरबाईच्या ओट्यावरून त्याने आतल्या भिंतीकडे नजर टाकली आणि तिथेच थांबला. भिंतीवर भुरी नव्हती. भिंत तपकिरी, गुळगुळीत, नुकती लिंपल्यासारखी. त्याने हाक मारली.

"मावशी, मलेरियावाला आलोय. भिंत बघायची होती."

"बघ तिथूनच," आतून आवाज आला.

दारातून हात घालून शेजारच्या आतल्या भिंतीवर त्याने अंगठ्याचं नख घासलं. शेणमातीचा पातळ पापुद्रा सुटून खाली पडला. त्याखाली पांढरं होतं. त्याने आणखी वीतभर खरवडलं. पांढरी भुरी सारखी पसरलेली, कुठे ओघळ नाही, कुठे जागा सुटलेली नाही. त्याच्याच हातचं काम. वर नखाच्या जाडीचा शेणमातीचा थर. डास त्या थरावर येऊन बसत होते आणि खुशाल उडून जात होते.

झुंबरबाई बाहेर आली. "भित कशाला उकरतो रे?"

"ही कधी लिंपली?"

"तुमी गेला त्याच सांजंला. पांढरं पांढरं दिसत व्हतं. वास यायचा. ढेकनं बी लय झाली."

"सगळ्यांनी लिंपल्या?"

"मी लिंपली, मंग बाकीच्या मागं कशाला राहतील?"

घराच्या आतल्या अंगाला गोधड्यांचा ढीग होता. तो हलत होता. सहादूला वाटलं खाली मांजर असेल. मग त्यातून मैनाचं तोंड दिसलं. दोन गोधड्या, वर एक घोंगडी, आणि तरी दात वाजत होते.

"आत्याबाई, खरं सांगा ना त्यांना," मैना म्हणाली. "वास बी नाय आन् ढेकनं बी नाय. ते आत आले व्हते म्हनून लिंपली."

"गप पड तू."

"गेल्या साली बी पोटातलं गेलं ते ह्याच तापानं," मैना म्हणाली आणि तोंडावर गोधडी ओढून घेतली.

 झुंबरबाई अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली. सहादूला नवं असं काही कळलं नव्हतं. लहानपणापासून त्याला हे ठाऊक होतं. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतायचं, कुणी चहाचा कप वेगळा, घराबाहेर ठेवायचं, कुणी पैसे जमिनीवर ठेवायला सांगायचं. फक्त त्याच्या मनात कधी आलं नव्हतं की ते असं भिंतीवर चढून बसेल आणि त्याखाली त्याची पावडर दबेल.

तो अंगणात जाऊन जात्याच्या फुटक्या पाळीवर बसला. त्याच्यापुढे सोपा रस्ता होता. घोटीला जाऊन साहेबांना ही भिंत दाखवायची. त्याचं नाव त्याच दिवशी धुऊन निघालं असतं. पण साहेबांनी रजिस्टरात नोंद केली असती, वाडीवर कागद आला असता, आणि सोमवारी मारलेली भिंत सोमवारीच सांजेला पुन्हा लिंपली गेली असती.

तो उठून परत ओट्याशी आला.

"मावशी, मी आत आलो तेव्हा भिंतीला हात लावला होता का?"

"नाय. मी हुबी व्हते ना बघत."

"नळी टेकवली?"

"नाय. हातभर लांब धरली व्हती."

"मग भिंतीला माझं काय लागलं?"

झुंबरबाईने विचार केला. "पानी लागलं."

"पाणी तुमच्या विहिरीचं. तुमच्या सुनेने ओढून दिलेलं. पावडर सरकारची."

झुंबरबाईने विहिरीकडे पाहिलं.

"माझे लागले ते पाय," सहादू म्हणाला. "आणि पाय लागले जमिनीला. तर जमीन सारवा. मी बाहेर पडलो की लगेच सारवा, दोनदा सारवा, मी काही म्हणणार नाही. पण भिंतीला पोतेरं लावायचं नाही. दिवाळी होईपर्यंत नाही."

"आन् घट बसायचे त्याचं? नवरात्राला भित लिंपल्याबिगर चालंल का?"

"आज लिंपा. सगळ्यांना सांगा, आज-उद्यात ज्याला जे लिंपायचं ते लिंपून घ्या. मी सोमवारचा बुधवार करून घेतो. तोवर भिंत वाळेल. ओल्या भिंतीवर पावडर धरत नाही. त्यावर आम्ही मारू. मग घट बसवा, दिवाळीला ओटा लिंपा, अंगण लिंपा. भिंतीला हात नाही."

झुंबरबाईने गोधड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग अजून हलत होता.

"बुधवारी कवा येशील?"

"उजाडायला."

"आन् आत कितीक वेळ?"

"मागच्या वेळेला लागला तेवढाच. कमी वेळात नीट होत नाही."

सोमवारी त्याने साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. बायका नवरात्राचं लिंपण करताहेत, ओल्या भिंतीवर पावडर वाया जाईल, एवढंच सांगितलं. साहेब कुरकुरले. कार्यक्रम वरून ठरून येतो म्हणाले, आणि मग खाडाखोड करून बुधवार लिहिला.

मोतीरामला मात्र त्याने वाटेत सगळं सांगितलं. मोतीराम चालायचा थांबला.

"आणि तूच तिला सारवायला सांगून आलास?"

"हो."

"सहादू, कायदा आहे आता. तक्रार कर. साहेबापुढे आपलं नाव सुटेल, म्हातारीला पण कळेल."

"तक्रार उभी राहील. भिंत राहणार नाही."

मोतीराम पुन्हा चालू लागला.  मग म्हणाला, "असं करू. आत मी जातो. तू दांडा मार. माझ्या पायांचं तिला काही नाही."

सहादूने त्यावर लगेच नाही म्हटलं नाही. मंगळवारी शाळेच्या मागच्या भिंतीवर मोतीरामने नळी धरली आणि सहादूने दांडा मारला. तासाभराने भिंत वाळली, दोघं बघायला गेले. खालच्या अंगाला ओघळ, वर पट्टे. पांढरा पट्टा, कोरडा पट्टा, पुन्हा पांढरा, घोंगडीच्या काठासारखे.

मोतीराम कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "डासांना राहायला खोल्या काढून दिल्या मी," तो म्हणाला.

"वर्षभर धरलीस तर येईल."

"वर्षभर कुठाय आपल्याकडे?"

बुधवारी टोळी उजाडायला कुरणवाडीत पोचली. झुंबरबाईच्या घरातलं सामान अंगणात आलेलं होतं. मैनालाही बाहेर आणून बाजेवर निजवलं होतं. आज तिच्या तापाची पाळी नव्हती. ती उशाला हात घेऊन बघत होती. भिंती लिंपलेल्या आणि कोरड्या. सहादूने तळहात न लावता जवळ जाऊन वास घेतला. ओल नव्हती.

त्याने पुढची खोली केली, मग चुलीची. वरून खाली, एक पाऊल, खालून वर. घाई केली नाही. चुलीमागचा कोपरा धुराने काळा झाला होता, तिथे दोनदा नळी फिरवली.  बाहेरून फक्त मोतीरामच्या दांड्याचा आवाज येत होता, एका मापात.

काम संपवून सहादू पाठमोरा बाहेर निघाला, नळी गुंडाळत, पाय मागे टाकत. झुंबरबाई दाराशी शेणकाल्याची पाटी घेऊन उभी होती. तो चुलीच्या खोलीतून पुढच्या खोलीत आला तशी ती बाजूने आत गेली, खाली बसली आणि त्याचं पाऊल जिथे जिथे पडलं होतं तिथून सारवत त्याच्यामागून येऊ लागली. तो एक पाऊल मागे टाकी, ती एक हात पुढे सरके. दोघांची तोंडं एकमेकांकडे होती. तिने वर पाहिलं नाही. त्याने भिंतीकडे लक्ष ठेवलं. एका ठिकाणी शेणाचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला उडाले.

"मावशी, भिंत," तो म्हणाला.

तिने पदराच्या टोकाने नव्हे, हातानेच, अलगद, शिंतोडा टिपून घेतला. भुरी पुसली जाणार नाही असा.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत तीसही घरांत तसंच झालं. काही बायका सारवायला बसल्या, काही बसल्या नाहीत. कुसाबाई म्हणून एक होती, ती म्हणाली, "मला कंबर हाय का दोन येळा सारवायला? झालं तेवढं झालं." भिंतीला कुणी हात लावला नाही, कारण झुंबरबाईने लावू नका म्हणून सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर मोतीरामने विचारलं, "तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"मग काय. काम नीट झालं."

शनिवारी सहादू नाशिकला घरी गेला. वसाहतीत त्यांची एकच खोली. दाराजवळ चूल, भिंतीशी ट्रंक, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर. बायको सुमनबाई एका गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. सहादूने जेवताना तिला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण मोतीराम भेटला तर मीठमसाला लावून सांगेल, हे त्याला माहीत होतं.

सुमनबाईने भाकरी थापायची थांबवली. 

"तुमच्या पावलामागून सारवत आली?"

"हो."

"आणि तुम्ही बघत होता?"

"मी भिंत बघत होतो. ओली होती अजून."

"मला नसतं जमलं," ती म्हणाली. "मी पाटी उलथी केली असती तिच्या घरात."

"मग सगळी जमीन सारवावी लागली असती तिला."

सुमनबाई हसली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्या पोरीचं पोट टिकलं का?" तिने विचारलं.

"अजून आहे."

रक्ताचा निकाल ऑक्टोबर संपता संपता आला. तो महिना सहादूने शेजारच्या वाड्यांवर फवारणी करत काढला आणि दर रविवारी कुरणवाडीला जाऊन आला. आत जात नसे. ओट्यावरून, अंगणातून, दारातून जेवढी भिंत दिसेल तेवढी पाहायचा. भुरी जागेवर होती. घट बसले, उठले, दसरा झाला, भुरी जागेवर होती. एका रविवारी एका घरात कोपऱ्यात नवं लिंपण दिसलं. त्याने काही म्हणायच्या आत झुंबरबाई त्या घरात शिरली आणि तिचा आवाज सगळ्या वाडीने ऐकला.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "कुरणवाडी. तीस घरं. दोन." त्यांनी बोट खाली सरकवलं. "दोन्ही जुनेच रोगी, गोळ्या अर्ध्यात सोडलेले. नवीन नाही." त्यांनी वर पाहिलं. "काय केलंत काय तुम्ही?"

"आधी लिंपून घेतलं, मग मारली," सहादू म्हणाला.

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढच्या वर्षापासून तालुक्यात टोळी यायच्या आठ दिवस आधी दवंडी देऊ लागले, की ज्यांना घर लिंपायचं त्यांनी फवारणीआधी लिंपावं. हुकूम साहेबांच्या नावाने निघाला. सहादूची त्याला हरकत नव्हती. यादीत त्याचं आणि मोतीरामचं नाव होतं.

मैनाला कार्तिकात मुलगी झाली. अंगाने बारीक, पण रडायला खणखणीत. हे सहादूला पुढच्या वर्षी कळलं, टोळी गेली तेव्हा. पोरगी ओट्यावर रांगत होती. झुंबरबाई शेणकाल्याची पाटी घेऊन दाराशी तयार होती. तो पाठमोरा निघाला, ती सारवत आली. १९७९ सालीही तसंच. १९८० साली सहादू काम संपवून बाहेर आला तेव्हा पाटी भिंतीशी टेकवलेली होती, आणि झुंबरबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"मावशी, झालं," सहादू म्हणाला.

"हां."

"मी निघालो."

"मंग निघ की." तिने गुडघे चोळले. "आता कोन सारवतंय बाबा दर साली. बस, पानी पी."

मैनाने तांब्या आणून त्याच्या हातात दिला. वरून पाणी ओतलं नाही. सहादू पाणी प्यायला, त्याने तांब्या ओट्यावर ठेवला, आणि पुन्हा आत जाऊन चुलीमागचा कोपरा पाहून आला, कारण तो पाहायचा राहिला होता.

पुढे १९८३ मध्ये त्याला कायम केलं. बारा महिने पगार मिळू लागला. पावसाळ्यात फवारणी, उरलेल्या दिवसांत शहराच्या कडेची डबकी, गटारं, पडक्या विहिरी, जिथे जिथे डास अंडी घालतात तिथे औषध टाकायचं काम. मोतीराम त्याच्याबरोबर राहिला. त्याने नळी धरायला शिकायला खरोखरच एक वर्ष घेतलं. मग सहादूने त्याची भिंत पाहिली आणि तीन बोटं बरोबर चढली आहेत म्हणाला. यापेक्षा जास्त कौतुक त्याने कुणाचं केल्याचं कुणाला आठवत नाही.

कायम झाल्यावर त्याच्या पगारातून एकच गोष्ट झाली. खोलीच्या मागे स्वयंपाकघर झालं, आठ बाय दहा, विटांचं, आतून सिमेंटचा गिलावा. तोवर सुमनबाईने वीस वर्षं दाराशी चूल मांडली होती, पावसात धूर आत आणि उन्हाळ्यात धूळ भाकरीत. विटा त्याने एका वर्षी घेतल्या, वाळू दुसऱ्या वर्षी, पत्रा तिसऱ्या. पाया त्याने आणि मोतीरामने रविवारी खणला. गवंडी फक्त भिंतींना लावला, आणि सहादूने त्याला एक कोपरा पाडून पुन्हा बांधायला लावला.

शेवटच्या पैशांत खोली आणि स्वयंपाकघर यांमधली चौकट झाली. दाराच्या फळ्या राहिल्या. सुताराने विचारलं, दार पुढच्या महिन्यात बसवायचं ना? पुढच्या महिन्याचा पगार आला. सहादूने तो सुमनबाईच्या हातात दिला आणि सुताराला बोलवायला निघाला.

"थांबा," ती म्हणाली. "दाराची काय घाई आहे? चुलीपर्यंत कुणी आलं तर येऊ दे."

तिने त्या पैशांची बारीक तारेची जाळी आणवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला बसवून घेतली, चारी कडांना पट्ट्या ठोकून, कुठेही फट न ठेवता. चौकट तशीच राहिली, उघडी.